एटीडीची निरीक्षणं: नववीच्या चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसून नेमकं काय बघायचं?

पाव_इम्पिरियल

नमस्कार मंडळी. एटीडीच्या (आर्ट टीचर डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकमध्येच. सराव पाठ सुरू व्हायच्या आधीची निरीक्षणं चालू आहेत, त्यासाठी जुन्या नाशकातल्या एका शाळेत जाते. शाळेचं नाव कृपया विचारू नका.

कॉलेजने दिलेल्या निरीक्षण वहीत रकाने छापलेले आहेत: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलककाम, शैक्षणिक साहित्य, वर्गनियंत्रण, मूल्यमापन. ते भरायला दहा मिनिटं पुरतात. 'सरांनी वस्तू दाखवून प्रस्तावना केली. फलककाम सुबक. वर्गनियंत्रण चांगले.' झालं. पण तास संपल्यावर डोक्यात जे घोळत राहतं त्याला रकानाच नाही.

उदाहरण देते. नववीचा वर्ग, पट साठच्या वर, तास पस्तीस मिनिटांचा. चित्रकलेची खोली कागदोपत्री आहे, प्रत्यक्षात तिथे पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत, म्हणून तास नेहमीच्याच वर्गात. सरांनी टेबलावर स्टूल ठेवलं, स्टुलावर निळं कापड, त्यावर ॲल्युमिनियमची किटली, एक कप आणि दोन कांदे. मग फळ्यावर तीच रचना खडूने काढून दाखवली. काय सुंदर काढली! मधली अक्षरेषा, दोन्ही बाजूंची मापं, तोटी, कडी, सगळं पाच-सात मिनिटांत. सरांचा हात बघत राहावा असा आहे.

आणि मग साठ पोरांनी साठ किटल्या काढल्या, सगळ्यांची तोटी उजवीकडे. खिडकीकडच्या रांगेत बसलेल्यांच्या दिशेने ती तोटी सरळ रोखलेली होती. त्यांना ती बाजूने दिसणं शक्यच नव्हतं. एका मुलीने मात्र तोटीच्या जागी नुसतं एक गोल भोक आणि त्याच्याभोवती आणखी एक गोल काढला होता. अगदी बरोबर! शेजारणीने वाकून बघितलं, म्हणाली, "अगं, नळी कुठंय तुझी?" हिने फळ्याकडे बघितलं, पुन्हा किटलीकडे बघितलं, आणि खोडरबर काढला.

आता हे कुठल्या रकान्यात लिहू? 'वर्गनियंत्रण'मध्ये? सरांच्या विरोधात तक्रार केल्यासारखं होईल अशीही भीती आहे, कारण वहीवर त्यांचीच सही लागते. आधी एटीडी, एएम (आर्ट मास्टर), बीएड केलेल्यांनी सांगा, तुम्ही काय बघत होतात आणि काय लिहीत होतात?

---

सातपूरकर

लिहायचं काय त्यात. 'तास समाधानकारक' लिहा आणि सही घ्या. आम्ही बीएडला चाळीस निरीक्षणं एका रात्रीत पाडली होती, मित्राची वही बघून.

---

निळीशाई

सातपूरकर, तुमच्यासारख्यांमुळेच ती वही बदनाम झाली.

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे. त्या मुलीने शेवटी खोडलं का नाही ते सांगा आधी.

---

पाव_इम्पिरियल

खोडलं. आणि फळ्यावरची तोटी काढली. तीही चांगली काढली, हात आहे तिला.

---

खडूफळा_निवृत्त

उभी हयात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, अर्धी नाशिकरोडला आणि अर्धी तालुक्यात. त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुमच्या सरांची बाजू. पस्तीस मिनिटांत हजेरी, कागद वाटप, 'सर माझी पेन्सिल आणली नाही', शेवटी गोळा करणं, हे वजा केलं तर हातात वीस-बावीस मिनिटं उरतात. साठ पोरं. एकेकाच्या शेजारी जाऊन बसायचं म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस सेकंद. मग फळ्याशिवाय माणूस करणार काय? फळ्यावर काढून दाखवणं यात गैर काही नाही. मी ते करायचो, पण दाखवून झालं की डस्टर मारायचो. पोरं ओरडायची, "सर, पुसू नका!" त्या ओरडण्यातच सगळं आलं. त्यांना किटली नको असते, उत्तर हवं असतं. चित्रकलेच्या तासालाही त्यांना गणिताच्या तासासारखं फळ्यावरून उतरवून घ्यायची सवय असते, आणि ती आपण लावलेली नसते.

दुसरी गोष्ट, तुमच्या लिहिण्यातून एक सुटलंय, ते बघा. टेबलावर स्टूल आणि स्टुलावर कप. टेबल साधारण अडीच फूट, वर स्टूल दीड फूट. म्हणजे कपाचा तळ चार फुटांवर. बाकावर बसलेल्या नववीच्या पोराचा डोळा किती उंचीवर असतो? पावणेचार फूट, फार तर चार. म्हणजे त्या वर्गात बसलेल्या एकाही पोराला कपाच्या तोंडाची आतली बाजू दिसत नव्हती. सगळ्यांच्या चित्रात कपाचं तोंड उघडं लंबगोल आहे का, ते उद्या जाऊन बघा. असेल तर तो लंबगोल फक्त एका माणसाला दिसत होता: उभ्या असलेल्या सरांना.

आता सांगतो काय लिहायचं ते. फळ्याकडे बघणं कमी करा. तुमचं बाक अशा जागी ठेवा की एका रांगेतली पाच-सहा पोरं आणि त्यांचे कागद दिसतील. साठांचं निरीक्षण होत नाही, पाचांचं होतं. त्या पाचांच्या बाबतीत एवढंच टिपा: पहिली रेघ कुठे मारली (कागदाच्या मध्यात, कोपऱ्यात, वर), मान वर करून वस्तूकडे किती वेळा बघितलं, फळ्याकडे किती वेळा, शेजारच्याकडे किती वेळा, आणि खोडरबर पहिल्यांदा कधी निघाला. खोडरबर का निघाला हे कळलं तर तो तास तुम्हाला कळला.

---

गोदाकाठ

सर, दंडवत. कपाचं तोंड दिसत नाही हे वाचून मी चहाचा कप कपाटावर ठेवून बघितला. बायको म्हणते आता काय झालंय तुम्हाला.

---

पाव_इम्पिरियल

@खडूफळा_निवृत्त सर, आज मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना पहिल्या बाकावर बसून बघितलं. सरांनी वस्तू तशाच ठेवल्या होत्या. तुमचं शंभर टक्के खरं. कपाची वरची कड जवळजवळ सरळ रेघ दिसते, किंचित वर कमान झालेली. आत काहीच दिसत नाही. किटलीचं झाकण दिसतं ते फक्त बाजूने, एखादी बशी पालथी घातल्यासारखं.

मग गठ्ठा चाळला. सगळे कप उघडे. सगळे! आणि बहुतेकांचा तळ सपाट रेघेने बंद केलेला, कारण 'कप कापडावर टेकलाय ना'. म्हणजे वरून बघितल्यासारखं तोंड आणि समोरून बघितल्यासारखा तळ, एकाच कपाला.

---

ग्रिडलाइन

मूळचा नाशिकचा, सध्या पुण्यात डिझायनिंग करतो. तळ सपाट काढण्याबद्दल: हे आमच्याकडे इंटर्न म्हणून येणारी मोठी मुलंसुद्धा करतात. डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली जाईल तितकं ते जास्त उघडतं. म्हणजे वस्तू पायाशी ठेवली असेल तर तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा फुगीर दिसायला हवा. डोळ्याच्या वर गेलं की उलटं, वरचा जास्त फुगीर आणि खालचा चपटा. नियम एका ओळीचा आहे, पण पाठ करून येत नाही. बादली हातात धरून हळूहळू वर-खाली करून दाखवली की दोन मिनिटांत येतो. आमच्या चित्रकलेच्या मॅडमनी असंच दाखवलं होतं, तेवढं एकच मला नववीतलं आठवतं, बीजगणित एक अक्षर नाही.

---

दोन_पोरांची_आई

एक पालक म्हणून विचारते, राग मानू नका. माझी मुलगी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, या वर्षी इंटरमिजिएटला बसणार आहे. क्लास लावलाय. क्लासमध्ये स्मरणचित्राची दहा-बारा तयार चित्रं पाठ करून घेतात: भाजी बाजार, बसथांबा, गणपती विसर्जन, रंगपंचमी, पुराचं दृश्य. विषय कुठलाही येऊ दे, त्यातलं एक बसवायचं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे चूक. पण श्रेणी मिळते हो त्याने!

---

सातपूरकर

तेच म्हणतोय मी. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीला ७ गुण, ब ला ५, क ला ३. पालकांना सात गुण दिसतात, लंबगोल कोणाला दिसतो?

---

खडूफळा_निवृत्त

सातपूरकर, तुमचं बोलणं टोचतं पण खोटं नाही. आणि मी त्या सात गुणांच्या विरोधात मुळीच नाही. शासकीय रेखाकला परीक्षा (हीच एलिमेंटरी-इंटरमिजिएट) नसती तर कित्येक शाळांतून चित्रकलेचा तास कधीच इंग्रजीच्या जादा तासाने गिळला असता. मुख्याध्यापकांकडे पांढऱ्या कागदाचे पैसे मागायला गेलं की 'निकाल किती?' हाच प्रश्न यायचा, आणि त्या निकालावर मी कागद मिळवले आहेत. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पट शंभरच्या वर असेल तर कलेला अर्धवेळ निदेशक, एवढंच म्हटलंय. पूर्णवेळ चित्रकला शिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा भरली जाईलच असं नाही. आमच्या बॅचचे किती जण गेले आणि त्यांच्या जागी कोण आलं हे आम्ही आपापसात बोलतो तेव्हा चहा गार होतो. त्यामुळे परीक्षेला नावं ठेवताना जपून.

पण ताई, तुमच्या मुलीच्या क्लासबद्दल. त्या पेपरचं नाव स्मरणचित्र. म्हणजे मुलीच्या स्मरणातलं. क्लासवाल्या काकांच्या नव्हे.

---

गोदाकाठ

हे वाचून राहवलं नाही. मी पंचवटीत वाढलो. आमच्या वर्गात 'पुराचे दृश्य' विषय दिला होता. सगळ्यांनी काय काढलं? नारळाची झाडं, कौलारू छप्पर, त्यावर बसलेलं कुटुंब आणि वर हेलिकॉप्टर. नाशकात! अहो, आमचा पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजला जातो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, यावर भांडी बाजार आणि सराफ बाजार दुकानं आवरायला घेतो. सगळं गाव पुलावर उभं राहून ते बघतं. आम्हीही बघायचो, शाळा बुडवून. पण कागदावर मात्र हेलिकॉप्टर.

एकाच मित्राने भांड्यांचं दुकान काढलं होतं. माणसं हंडे-कळशा साखळी करून माडीवर चढवतायत आणि पायरीवर पाणी आलंय. त्याच्या वडिलांचं दुकानच होतं ते. माणसांचे हात ताणून लांब झाले होते, प्रमाण पार गेलेलं. पण चित्र आजही डोळ्यासमोर आहे.

---

दोन_पोरांची_आई

अय्या, आणि रंगपंचमी म्हणजे पिचकारी मारणारी दोन मुलं आणि एक फुगा! आमच्या घरापासून तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, चालत पाच मिनिटांवर आहे. पेशवेकाळापासूनची म्हणतात. वर्षभर बुजवलेली असते, त्या दिवसासाठी उघडतात, रंग उकळून ओततात, आणि माणसं त्यात धप्पा मारतात. मुलगी दरवर्षी बघायला जाते. तिच्या चित्रात पिचकारी! आज संध्याकाळी विचारते तिला.

---

निळीशाई

रहाडीचं चित्र परीक्षकांना कळेल का पण? मुंबईचा किंवा विदर्भातला परीक्षक असेल तर त्याला वाटेल खड्ड्यात माणसं पडलीत.

---

ग्रिडलाइन

उडी मारणाऱ्याची आकृती आणि उडालेला रंग नीट असेल तर न कळायला काय झालं? ज्याला माहीत नाही त्यालाही समजेल असं काढणं, हेच तर काम आहे.

---

सुरगाण्याचा_मास्तर

थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. आश्रमशाळेत शिकवतो. माझ्याकडे कोकणा, महादेव कोळी, वारली अशा घरांमधली मुलं-मुली आहेत. गेल्या वर्षी एक छात्रशिक्षिका आल्या होत्या, शहरातून. पाठ घेतला 'वारली नक्षी'. दोन त्रिकोण जोडा, वर गोल, काटक्यांचे हात-पाय, गोलात नाच, मध्ये तारपा. तक्ता छान रंगवून आणला होता, गेरू रंगाचा कार्ड पेपर, त्यावर पांढरा पोस्टर कलर.

मागे बसलेल्या एका पोरीने माझ्याकडे बघून तोंडावर हात धरला. तिच्या आजीला लग्नातला चौक काढायला गावोगावी बोलावतात. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. तिच्यासाठी ती 'नक्षी' नव्हे, लग्नातलं काम आहे, त्यात पालघट ही त्यांची देवी असते, आणि ते काढायचा मान सवाशिणींचा. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रं कागदावर आली, जगभर गेली, ती गोष्ट वेगळी आणि मोठीच. पण या पोरीला तक्त्यावरून उतरवून घ्यायला लावणं म्हणजे...

त्या मॅडमचं मात्र कौतुक वाटलं. तास झाल्यावर त्या पोरीशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू का हसलीस ते सांग, मी लिहून घेते." त्यांच्या निरीक्षण वहीची तीन पानं त्या दिवशी भरली.

---

पाव_इम्पिरियल

मास्तर, हे वाचून अंगावर काटा आला. मी सुद्धा वारलीचाच तक्ता अर्धा करून ठेवलाय. आता बाजूला ठेवते.

एक प्रश्न राहिला. मी मागे बसलेली असताना पोरं हळूच वळून विचारतात, "ताई, हे बरोबर आलंय का?" मी निरीक्षणाला आहे, शिकवायला नाही. गप्प बसले तर तुसडी वाटते, सांगितलं तर सरांच्या तासात लुडबूड. परवा एका मुलाने सरळ पेन्सिलच हातात दिली, "ताई, एवढी कडी काढून द्या ना."

---

निळीशाई

देऊन टाकायची काढून. एवढं काय.

---

खडूफळा_निवृत्त

नाही! पोराच्या कागदावर आपली रेघ मारायची नाही. यावर मी तरुणपणी एका सहकाऱ्याशी वर्षभर भांडलो आहे. तो फिरत फिरत प्रत्येकाच्या चित्रात दोन-दोन ठसठशीत रेघा मारायचा. वर्ग खूश. पालक खूश. प्रदर्शनात सगळी चित्रं छान. पण जवळ जाऊन बघितलं की प्रत्येक चित्रात एकाच माणसाचा हात. मुलगा घरी ते चित्र दाखवतो तेव्हा त्याला पक्कं माहीत असतं की यातला चांगला भाग कोणाचा आहे.

दाखवायचंच असेल तर आपल्या वहीच्या कोपऱ्यात, किंवा त्याच्या कागदाच्या मागे, अगदी लहान. आणि त्याने बघितलं की आपलं पान उलटायचं.

'बरोबर आलंय का' याला उत्तर: "तुला कुठे अडल्यासारखं वाटतंय?" बहुतेकदा बोट बरोबर त्याच जागी जातं. पोरांना चूक दिसते, नाव देता येत नाही. मग म्हणायचं, किटलीकडे बघून सांग, कडी झाकणापेक्षा उंच आहे का बुटकी? पेन्सिल हात लांब करून धर, एक डोळा मीट, माप घे. ही लुडबूड नव्हे. तरीही सरांना आधी विचारून ठेवा, 'पोरांनी विचारलं तर बोलू का?' नव्वद टक्के सर हो म्हणतात, त्यांनाही मदत हवीच असते.

वयाचंही एक ध्यानात घ्या. व्हिक्टर लोवेनफेल्ड तुम्हाला अभ्यासाला असेलच. मुलांच्या चित्रांच्या त्याने सांगितलेल्या पायऱ्यांमध्ये बारा ते चौदा हा टप्पा वेगळा काढलाय. त्याच्या आधी पोरगं बिनधास्त काढतं, आणि या वयात एकदम स्वतःचंच परीक्षण करायला लागतं. सहावीपर्यंत 'सर, बघा!' म्हणत कागद घेऊन धावत येणारा मुलगा आठवी-नववीत हाताने कागद झाकून बसतो. त्या झाकलेल्या हातांची नोंद करा. कोण झाकतं, कोणी आलं की झाकतं. बहुतेक जण याच वयात 'मला चित्रकला येत नाही' असं ठरवतात आणि ते मरेपर्यंत बदलत नाहीत. बँकेत, लग्नात, कुठेही भेटलेला माणूस, मी चित्रकला शिक्षक म्हटलं की पहिलं वाक्य तेच बोलतो.

---

सातपूरकर

मी पण तेच म्हणणार होतो सर 😀 मला खरंच येत नाही.

---

खडूफळा_निवृत्त

नववीत कोणाचं बोलणं लागलं होतं?

---

सातपूरकर

आठवीत. घोडा काढला होता. पूर्ण वर्ग हसला. जाऊ द्या.

---

ग्रिडलाइन

सरांच्या यादीत माझी एक भर. निरीक्षण करताना स्वतःही त्याच वस्तू काढा. तीच वेळ, तोच कागद, तेच बाक. पस्तीस मिनिटांत तुमचं कुठे अडतं ते कळलं की पोरांचं कुठे अडेल ते कळतं. आणि पोरं तुमच्याकडे संशयाने बघायची थांबतात. वही-पेन घेऊन मागे बसलेली व्यक्ती म्हणजे त्यांना इन्स्पेक्शनच वाटतं.

दुसरं, फोटो. हल्ली छात्रशिक्षक वर्गात मोबाईल काढून रील करतात. मुलांचे चेहरे नकोत, नावं नकोत. चित्रांचे फोटोही सरांना आणि मुलांना विचारून. अर्धवट चित्राचा फोटो काढला तर मूल पुढचं चित्र काढायचं थांबतं, हे मी माझ्याच भाच्यावर बघितलंय.

---

गोदाकाठ

सर, आपल्या नाशकाला जलरंगाची एवढी मोठी परंपरा. शिवाजी तुपे सरांनी निसर्गचित्रांत गोदाघाट अजरामर केला. आजही रविवारी सकाळी घाटावर बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली कॉलेजची मुलं दिसतात. मग शाळेतली पोरं किटली आणि कांद्यातच का अडकतात? घाटावर का नेत नाहीत?

---

खडूफळा_निवृत्त

साठ पोरं, रामकुंडाच्या पायऱ्या, पाणी, आणि जबाबदारी एका माणसाची. पालकांची संमतीपत्रं, मुख्याध्यापकांची परवानगी, दोन जादा शिक्षक. मी वर्षातून एकदा नेत असे, आणि परत येईपर्यंत जिवात जीव नसायचा. आता तर सिंहस्थाच्या कामांमुळे घाटावर काय चालू असेल ते आधी बघून यावं लागेल.

पण घाटच लागतो असं नाही. शाळेचा जिना, पाण्याची टाकी, सायकल स्टँड, फाटकाबाहेरची पेरूची गाडी. तुपे सरांसारख्यांकडून घ्यायचं ते हेच की माणूस जागेवर जाऊन बसला आणि समोर होतं ते बघितलं. सायकल स्टँडवर जायला कोणाची संमती लागत नाही.

---

पाव_इम्पिरियल

सगळ्यांचे मनापासून आभार. निरीक्षण वहीचं असं केलं: छापील रकाने नेहमीसारखे भरले, आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर 'विद्यार्थ्यांचे काम' असा मथळा देऊन पाच मुलांच्या नोंदी लिहिल्या. नावं नाहीत, फक्त बाक आणि रांग. कोणाचा दोष म्हणून नाही लिहिलं, दिसलं तसं लिहिलं: 'खि. रांग, बाक ३. तोटी समोरून काढली. शेजारणीने विचारल्यावर खोडून बाजूने काढली.' 'भिंतीकडची रांग, बाक ५. कापडाच्या चुण्यांपासून सुरुवात केली, वस्तू काढायला वेळ उरला नाही. चुण्या उत्तम.'

सरांनी सही करताना ती पानं वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही चुण्यावाली कोण? मला वाटलं तिने कामच केलं नाही, मी तिला 'अपूर्ण' दिलंय." आणि तिथेच गठ्ठा काढून शोधायला लागले. कपाच्या तोंडाचं मी भीतभीतच सांगितलं. ते हसले, खाली बाकावर बसून बघितलं आणि म्हणाले, "स्टूल काढतो उद्यापासून."

आता माझा पहिला सराव पाठ शनिवारी आहे, सकाळची शाळा, तास तीस मिनिटांचाच. वस्तुचित्रच घेणार आहे. एकच मोठी रचना पुढे न ठेवता चार ठिकाणी चार लहान रचना ठेवायचा विचार आहे, म्हणजे प्रत्येक रांगेला जवळून दिसेल आणि फळ्यावर काढून दाखवायचा प्रश्नच येणार नाही. परीक्षक फलककामाचे गुण कापतील का?

---

सुरगाण्याचा_मास्तर

फळ्यावर किटली काढू नका, बादली वर-खाली केल्यावर कड कशी बदलते तेवढं काढा. तीन लंबगोल. झालं फलककाम.

---

दोन_पोरांची_आई

जाता जाता: मुलीला रहाडीबद्दल विचारलं. म्हणाली, "आई, ते काढता येतं?" काल रात्री कच्चं काढलंय. उडी मारणाऱ्या माणसाचे पाय वर आहेत आणि डोकं रंगात गेलंय, फक्त पायच दिसतात. क्लासवाले काका काय म्हणतात बघू.

---

खडूफळा_निवृत्त

वा! पाय तसेच ठेवायला सांगा.

@पाव_इम्पिरियल: चार रचना चांगली कल्पना, पण चार वेळा तीन वस्तू म्हणजे बारा वस्तू, त्या आदल्या दिवशीच शाळेत नेऊन ठेवा. शनिवारी सकाळी सात वाजता स्टाफरूमचं कपाट कोणी उघडून देत नाही. वस्तू साध्या घ्या, एक गोल आणि एक चौकोनी, तिसरी नकोच. तीस मिनिटांत दोनच होतात. रंग देऊ नका, २बी पुरे. पाठ टाचणात उद्दिष्ट लिहिताना 'वस्तुचित्राचे ज्ञान देणे' असलं मोघम नको, 'विद्यार्थी आपल्या जागेवरून दिसणारी कड काढतो' असं लिहा, म्हणजे परीक्षकाला काय तपासायचं ते कळेल. बाकांच्या मधल्या वाटेत रचना ठेवणार असाल तर फरशीवर खडूने खूण करा, पोरांचा पाय लागून वस्तू सरकली की सगळ्यांची चित्रं चुकतात आणि मग भांडणं लागतात. आणि शेवटची पाच मिनिटं गोळा करायला राखून ठेवा. घंटा झाल्यावर एकही पोरगं थांबत नाही.